दुसऱ्याच्या मापाचा झगा

मी महादेव पाष्टे, दापोलीकडचा, धंद्याने लेडीज टेलर. बहारीनमध्ये मनामाच्या बाजारात एका अरबाबाच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, दुकानात मी उमेदीची वर्षं मशीन चालवलं. त्यातली तीन वर्षं मी एका ब्लाउजच्या प्रेमात होतो. ब्लाउजच्याच म्हणतोय, बाईच्या नव्हे. ते घालणारी बाई कोण हे मला माहीत आहे अशी माझी पक्की खात्री होती, आणि माझ्या बहुतेक खात्र्यांसारखी तीही साफ खोटी निघाली.

आपल्याकडच्या बायका परक्या पुरुषाला अंगाला टेप लावू देत नाहीत. त्या मापाचं ब्लाउज पाठवतात. नीट बसणारं, जुनं, धुऊन घडी घातलेलं. त्यावरून नवं बेतायचं आणि जुनं परत करायचं. त्यामुळे मनामातल्या निम्म्या मराठी बायकांचे खांदे मला ठाऊक होते आणि चेहरा एकीचाही नाही. गुराख्याला म्हशी शेपटावरून ओळखता याव्यात तसा माझा अभ्यास.

दुकानात कपडे ठेवायच्या जागा दोन होत्या. समोर एक लोखंडी दांडी, तिच्यावर हँगर. तिथे साहेब लोकांच्या घरचे कपडे. दुसरी जागा टेबलाखालचं पोतं. त्यात ड्रायव्हर, गवंडी, आया, स्वयंपाकिणी यांचे. दांडीवरचं काम वेळेवर व्हायचं, पोत्यातलं मशीन रिकामं असेल तेव्हा. ही व्यवस्था मला कोणी सांगितली नव्हती. अरबाब बिचारा दोन्हीकडचे पैसे एकाच गल्ल्यात टाकायचा. डोकं माझं.

आणि हाच मी मराठी मंडळाच्या कार्यक्रमाहून परत आलो की रूमवर तणतणायचो. कारण तिथे पुढे खुर्च्या असत, अधिकाऱ्यांसाठी, आणि मागे सतरंजी, आमच्यासाठी. "माणसाला माणूस म्हणून किंमत नाही रे!" असं मी डॉमनिकला सांगायचो. डॉमनिक माझा रूममेट, वसईचा, हॉटेलात वेटर. तो म्हणायचा, "पाष्टे, माझी पँट तुझ्या पोत्यात महिना झाला पडलीय. तिला पण किंमत दे ना."

आता ब्लाउजकडे येतो. एका मोठ्या कंपनीतले इंजिनिअर सबनीस साहेब ईसा टाउनच्या बाजूला राहायचे. त्यांची स्वयंपाकीण मथुरा महिन्यातून एकदा कापड घेऊन दुकानात यायची. मथुरा महाडकडची. लग्नानंतर वर्षभरात नवरा वारला, सासरच्यांनी बाहेरची वाट दाखवली, आणि सबनीसबाईंनी तिला इकडे आणलं. तिच्या पिशवीत एक ब्लाउज ऐसपैस असे, ते बाईसाहेबांचं. पण सबनीसांची मुलगी उल्का मुंबईचं कॉलेज संपवून इकडे आली, त्याच सुमाराला पिशवीतून आणखी एक ब्लाउज निघालं. बारीक चणीचं, खांदे चिमुकले.

"हे कुणाचं गो?" मी विचारलं.

मथुरा जरा थांबली. "ताईंचं," म्हणाली.

झालं. मी ते दांडीवर लावलं आणि तिथेच माझी विकेट पडली.

कापड नेहमी साधं टू बाय टू, रंग तपकिरी नाहीतर राखाडी. मी मनात म्हटलं, याला म्हणतात शिकलेल्या मुलीची आवड, भडक काही नकोच. एकदा मापाच्या ब्लाउजच्या बाहीवर हळदीचा डाग दिसला. मी गहिवरलो. एवढ्या मोठ्या घरची लेक, पण हाताने स्वयंपाक करते! एकदा काखेत ठिगळ होतं. मी डॉमनिकला म्हटलं, "साधेपणा बघ." डॉमनिकने ठिगळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि दिवा घालवून झोपला.

उल्काताईंना मी पाहिलं नव्हतं असं नाही. मंडळात त्या पुढच्या खुर्चीवर, मी मागच्या सतरंजीवर. खुर्चीच्या पाठीवरून दिसायचा तेवढा त्यांचा अंबाडाच, तो तीन वर्षांत मला फार जवळचा झाला.

बोलायची हिंमत नव्हती, लिहायचं तर अक्षर कोंबडीच्या पायांचं. मग मी मला येतं तेच केलं. ब्लाउजच्या आत, हुकांच्या पट्टीखाली, जिथे फक्त घालणारीलाच दिसेल तिथे, लाल दोऱ्याने पाच पाकळ्यांचं एक फूल काढलं. एवढंसं, नखाएवढं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या ब्लाउजमध्ये दुसरं. कोणी जाब विचारला नाही, म्हणजे होकार, हा माझा हिशेब.

आणि मग एकदा मापाला आलं ते मीच शिवलेलं ब्लाउज. फुलाची एक पाकळी धुऊन धुऊन सुटली असावी, ती कुणीतरी परत टाचली होती. लाल दोरा नव्हता म्हणून गुलाबी वापरला होता. टाके वाकडे, पण मन लावून घातलेले.

मी ते ब्लाउज घेऊन रूमवर पळत गेलो. "डॉमनिक, हे बघ! तिने टाचली!"

"अरे, तिला शिवता येतं तर तुझ्याकडे कशाला पाठवते?" डॉमनिक म्हणाला.

"तुला प्रेमातलं काही कळत नाही," मी म्हटलं. हे त्या माणसाला, ज्याचा दोन वेळा साखरपुडा झाला होता.

त्र्याऐंशीच्या गणपतीत सबनीस साहेबांनी नाटक बसवायचं ठरवलं. ते लंडनला जाऊन आले होते आणि तिथून आल्यापासून त्यांना स्वस्थता नव्हती. नाटक त्यांनी स्वतः लिहिलं, नाव 'जिन्याखालची मेरी'. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन, लॉर्डाचा एक बंगला, आणि त्या बंगल्यात जिन्याखाली राहणारी मोलकरीण मेरी. लॉर्डाचा मुलगा तिच्या प्रेमात पडतो, आई-बाप आकाशपाताळ एक करतात, शेवटी प्रेमाचा विजय. मेरीचं काम उल्काताईंना. मेरीचा झगा शिवायला मला बोलावणं आलं.

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि मुद्दाम पुढच्या दाराची घंटी वाजवली. सबनीसबाई कागद-पेन्सिल घेऊनच बाहेर आल्या. "मास्तर, उल्का बॅडमिंटनला गेलीय. तिचं माप कधी घेता?"

मी छाती फुगवून म्हटलं, "बाईसाहेब, मापाची गरज नाही. ताईंचं माप मला तोंडपाठ आहे."

"असं? ते कसं काय?" त्यांनी भुवया वर केल्या. पण तेवढ्यात फोन वाजला आणि त्या आत गेल्या त्या गेल्याच. आतून मथुराने चहा आणून दिला, स्टीलच्या पेल्यात. काचेच्या कपात नाही म्हणून मी मनातल्या मनात धुसफुसलो. मथुरा दारात उभी राहून माझ्याकडे बघून हसली. मी पेला ठेवून निघालो.

झगा मी जीव ओतून शिवला. गडद निळा, बंद गळा, पाठीवर वरपासून खालपर्यंत हूक, कंबर अशी की वारा आत जाणार नाही. आणि हुकांच्या पट्टीखाली, मानेपाशी, माझं फूल. या वेळी मी दोन पानंही काढली. मला वाटलं, आता ताई बोलतील. नाटक संपलं की आपण पुढे व्हायचं आणि विचारायचं. लॉर्डाचा मुलगा मोलकरणीला विचारू शकतो, तर शिंप्याने इंजिनिअरच्या मुलीला का विचारू नये? फरक इतकाच की मेरी खाली होती आणि लॉर्ड वर, इथे मी खाली होतो. पण जिना तोच ना!

रंगीत तालीम सबनीसांच्या हॉलमध्ये होती. ताई झगा घेऊन आत गेल्या. आधी खुसपुस झाली, मग हसू आलं, मग दार उघडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा उल्काताईंना उभं पाहिलं. त्या माझ्याहून चार बोटं उंच होत्या, खांदे बॅडमिंटनने कमावलेले. झगा निम्म्यावर अडकला होता, आणि वरून त्यांनी शाल गुंडाळली होती.

"मास्तर, what is this? हा कुठल्या चिमणीसाठी शिवलाय?"

सगळी मंडळी हसली. मी घामाने थबथबलो. "पण ताई, तुमचं मापाचं ब्लाउज…"

"माझं? मी साडीच नेसत नाही. मी तुमच्याकडे कधी ब्लाउज शिवलंय?"

"तोंडपाठ होतं ना?" सबनीसबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मथुरा चहाचा ट्रे घेऊन आली. सबनीस साहेबांनी तिला खालून वर पाहिलं आणि गमतीत म्हणाले, "हिला होईल बघा." ताई मनाने चांगल्या, उत्साहीही तेवढ्याच. त्यांनी मथुराच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि तिला ओढत आत नेलं.

मथुरा बाहेर आली. शेवटच्या हुकापर्यंत झगा बसला होता. एक सुरकुती नाही, एक ओढ नाही. इतका चोख बसलेला कपडा मी आधी शिवला नव्हता आणि पुढेही मला जमला नाही. मी बघत राहिलो. ती तपकिरी ब्लाउजं, हळदीचा डाग, ठिगळ, गुलाबी दोरा, सगळं एकदम डोक्यात उजेड पाडून गेलं, आणि एवढा उजेड पडेपर्यंत तीन वर्षं लागली याबद्दल मला कुणीतरी बक्षीस द्यायला हवं होतं.

"अगं, तूच का करत नाहीस मेरीचं काम?" कोणीतरी म्हणालं, पुन्हा हशा.

मथुरा हसली नाही. झगा घालताना तिने मानेजवळचं फूल पाहिलं होतं. दोन पानांसकट. ताईंच्या झग्यात.

सबनीसबाईंच्या आता लक्षात आलं. "म्हणजे तू तुझी ब्लाउजं उल्काच्या नावाने देत होतीस? का गं?"

"माझी म्हटली असती तर टेबलाखाली गेली असती, बाईसाहेब," मथुरा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज खालीच होता. "मी दर महिन्याला तुमच्यासमोर उभी राहिली, मास्तर. तुमाला मापं कळतात ना? मला वाटलं, तुमाला कवाच कळलंय."

ती आत गेली, झगा उतरवला, नीट घडी घालून माझ्यासमोर ठेवला, आणि सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला.

झगा मी वाढवला. शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, भरपूर ठेवली होती, बाजूंना कळ्या घातल्या, ताईंना ठीक बसला. ते फूल मात्र उसवून टाकलं. उसवताना हात जड झाला, कारण आता ते कुणाचं ते मला ठाऊक होतं.

नाटक छान झालं. लॉर्डाच्या मुलाने मेरीचा हात धरून "मी जिना मानत नाही!" असं म्हटलं तेव्हा पुढच्या सगळ्या खुर्च्या रडत होत्या. सबनीसबाईंचा रुमाल चिंब झाला. त्याच रुमालाने डोळे टिपत त्या मागे वळल्या आणि हाक मारली, "मथुरा, चहा तापलाय का गं?" मीही पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. ती दाराशी किटली घेऊन उभी होती. बहुतेक तीन वर्षं तिथेच उभी असेल. मी पुढचा अंबाडा बघत होतो.

पुढच्या महिन्यात मथुरा आली नाही. सबनीसांचा ड्रायव्हर एकटं ऐसपैस ब्लाउज घेऊन आला. त्याने सांगितलं, ताईंचं लग्न ठरलंय, मुंबईत, डिसेंबरमध्ये. सगळे जाणार. मथुरा तिकडेच राहते म्हणते, परत यायचं नाही म्हणते.

ताईंच्या लग्नाचं ऐकून माझं काळीज फाटायला हवं होतं. काही झालं नाही. पण मथुरा परत येणार नाही हे ऐकलं आणि कात्री हातातून खाली पडली.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी बसने सबनीसांकडे गेलो. या वेळी मागच्या दाराने. मथुरा ओट्याशी हमूर माशाचे खवले काढत होती.

"मास्तर, पुढचं दार तिकडं हाय."

"मी तुझ्याकडे आलोय. लग्नाचं विचारायला."

"का? ताईंचं ठरलं म्हणून?" सुरी थांबली नाही. "मी काय कटपीस हाय? ताग्यातला चांगला तुकडा दुसऱ्यानं नेला, आता उरलाय तो बघू?"

"मथुरा, मी मूर्ख आहे."

"ते मला म्हायती हाय."

"मग पाकळी का टाचलीस?"

सुरी थांबली. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "नवरा गेल्यापासून माझ्यासाठी कोणी काय केलं नव्हतं. चहा पण मीच करते नि मीच पिते. म्हटलं, कोणीतरी माझ्यासाठी बसून फूल काढतंय. सुटलं तर वाईट वाटेल ना." मग पुन्हा सुरी चालू झाली. "जावा आता. तेल तापलंय."

रूमवर येऊन मी पलंगावर उलटा पडलो. डॉमनिक म्हणाला, "पाष्टे, तोंडाने तुझं कधी काही झालंय का? तू बोललास की खलास. मशीनवर बस."

दुसऱ्या दिवशी मी टेबलाखालचं पोतं बाहेर काढलं आणि रिकामं केलं. गवंड्यांचे पायजमे, आयांचे झगे, डॉमनिकची ती ऐतिहासिक पँट, सगळं दांडीवर लावलं, आलं त्या क्रमाने. अरबाबने ते पाहिलं, "यल्ला, माशाल्ला," म्हणजे चला, छान, असं म्हणाला आणि चहाच्या दुकानाकडे गेला. मग मी लाल रेशमी कापड घेतलं. तपकिरी नाही, राखाडी नाही. माप खरंच तोंडपाठ होतं, तेवढीच माझी एक खात्री खरी निघाली. ब्लाउज शिवून मी दांडीच्या अगदी पुढे, दारातून दिसेल असं लावलं. त्यावर चिठ्ठी अडकवली, तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहिलं, 'मथुरा'.

पहिल्या सबनीसबाईच आल्या. त्यांचं ब्लाउज पायजमा आणि पँट यांच्या मधोमध लटकत होतं. त्यांनी तिकडे पाहिलं, मग लाल ब्लाउजकडे, मग चिठ्ठीकडे.

"ही मथुरा म्हणजे आमची मथुरा?"

"होय बाईसाहेब. मी तिला विचारलंय. ती नाही म्हणाली. तरी शिवलंय."

त्या खुर्चीत बसल्या. लॉर्डाच्या मुलासाठी रुमाल भिजवणाऱ्या त्या माऊलीने माझ्याकडे अगदी कळवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो मास्तर, पण मग माझ्या स्वयंपाकाचं काय?"

त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं ते देव जाणे. संध्याकाळी बाजार भरलेला असताना मथुरा आली. पदर खोचलेला, चेहरा तापलेला.

"माझं नाव बाजारात टांगलंत?"

"समोर टांगलं. टेबलाखाली नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती कापड बघायचं विसरली. मथुराने लाल ब्लाउज खेचून काढलं, उलटं केलं, हुकांची पट्टी वर करून पाहिली. आत काहीच नव्हतं.

"फूल?"

"आधीची सगळी दुसरीच्या नावाने काढली होती," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, गिऱ्हाइकांनी तोही ऐकला. "हे तुला विचारल्याशिवाय कसं काढू?"

डिसेंबर, महाड, परत न येणं, सगळं तिच्या डोळ्यांतून जाताना मला दिसत होतं, आणि मी तर मापाशिवाय दुसरं काही ओळखू न शकणारा माणूस. मग साहेब लोकांच्या बायकांसाठी ठेवलेली खुर्ची तिने पुढे ओढली आणि बसली.

"काढा," म्हणाली. "माझ्यासमोर काढा."

सुईत दोरा ओवायला मला चार वेळा थुंकी लावावी लागली. पहिल्या चार पाकळ्या कशाबशा झाल्या, पाचवी अशी वाकडी गेली की माझ्या गुरुजींनी कान उपटला असता. मथुराने माझ्या हातातून सुई घेतली, पाचवी पाकळी उसवली, स्वतः घातली. तीही वाकडीच गेली. तिने दोरा दाताने तोडला, ब्लाउज सुलटं केलं आणि चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

"परत टांगा, पुढंच. कोणी विचारलं कुणाचं म्हणून, तर सांगा, गिऱ्हाइकाचं नाय. घरचं हाय."

मी टांगलं.